दिवसभर गोड बोलणारा नवरा आणि संवादाचा वर्ग

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकत असेन तर सांगा. तुम्ही बडोद्यात एमआर, म्हणजे औषध कंपनीचे डॉक्टरांकडे फिरणारे प्रतिनिधी, आहात. लग्नाला ९ वर्षं झाली, एक मुलगी, मांजलपूरला दोन खोल्यांचा फ्लॅट, आई तुमच्याबरोबरच असते. बायको शाळेत शिकवते. मैत्रिणीकडून कळलेला जोडप्यांसाठीचा संवाद-कौशल्याचा वर्ग तिला तुमच्यासोबत करायचाय: एक रविवार, १० ते ५, अलकापुरीतल्या हॉटेलात, जोडप्याला ७,५०० रुपये. तुम्ही म्हणता, "दिवसभर बोलण्याचाच पगार घेतो, मला आणखी काय बोलायला शिकवणार?" ती म्हणते, "तिकडेच बोलतोस, घरी कुठे बोलतोस?" असल्या वर्गानं संसारात काही फरक पडतो का, की नुसते पैसे जातात, हा तुमचा प्रश्न. आणि शेवटच्या ओळीत, हळूच विचारल्यासारखं: "रविवारी दिवसभर कुठे चाललो ते आईला काय सांगायचं?"

मी रावपुऱ्यात बसते. २२ वर्षं जोडप्यांबरोबर काम करतेय आणि असे वर्ग मी स्वतःही घेते. तेव्हा यात माझा स्वार्थ आहे हे धरूनच पुढचं वाचा.

फरक पडतो. पण पत्रकात छापतात तेवढा नाही, आणि ते सांगतात त्या कारणानं तर बहुतेक नाहीच.

हे वर्ग अमेरिकेत १९६०-७० च्या सुमारास उभे राहिले. मिनेसोटा विद्यापीठातल्या लोकांनी एक अभ्यासक्रम बांधला, पुढे डेन्व्हरला हॉवर्ड मार्कमन आणि स्कॉट स्टॅन्ली यांनी दुसरा, आणि आज आपल्याकडे जे शिकवतात ते थोड्याफार फरकानं त्यांचंच. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये न तोडता ऐकायचं, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, मग पाळी बदलायची. "तू नेहमी" असं वाक्य सुरू करायचं नाही. एका वेळी एक विषय. फ्रिजच्या हप्त्यावर बोलत असताना नणंदेच्या लग्नातला मानपान उकरायचा नाही. सगळं शहाणपणाचंच आहे, आणि अर्ध्या तासात समजतं.

२००८ मध्ये अशा प्रशिक्षणांवरचे ११७ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. बोलण्याच्या कौशल्यात मध्यम सुधारणा दिसली, नात्यातल्या समाधानात त्याहून थोडी कमी. ९ ते २० तासांचे वर्ग त्याहून आखूड वर्गांपेक्षा सरस ठरले. आता तुमच्या रविवारचा हिशेब करा. १० ते ५ म्हणजे सात तास. त्यातून जेवण, दोन चहा, सगळ्यांची ओळख आणि शेवटचा ग्रुप फोटो वजा करा. हातात साडेचार तास राहिले तर नशीब.

मला स्वतःला विचारात पाडलं ते दुसऱ्याच एका कामानं. लॉस एंजेलिसमध्ये कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतली ४३१ नवविवाहित जोडपी घेतली, त्यांचं आपसातलं बोलणं आणि नात्यातलं समाधान काही काळ पुन्हा पुन्हा मोजलं. २०१६ मध्ये ते छापून आलं. आमच्या धंद्याचा पाया असा की चांगलं बोला म्हणजे पुढे सुखी व्हाल. तसं काही वेळा दिसलंही. पण उलटं जास्त वेळा दिसलं: जे आधी समाधानी होते ते नंतर बरं बोलत होते. वाचून दोन दिवस मी जरा गप्पच होते. मग लक्षात आलं, समोरच्या खुर्च्यांवर मी हेच तर इतकी वर्षं बघतेय. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना बोलता येतं, उत्तम येतं. ते फक्त घरी आणत नाहीत.

तुमचंच घ्या. डॉक्टरांच्या केबिनचं दार ढकललंत की दहा सेकंदांत तुम्हाला कळतं आज हवा कशी आहे. बाहेर पेशंटची रांग असेल, कंपाउंडर वैतागलेला असेल, तर बॅगेची चेनसुद्धा न उघडता "सर, आज गडबड दिसतेय, गुरुवारी येऊ का?" म्हणून मागे फिरता. मागच्या महिन्यात त्यांनी दुसऱ्याच कंपनीचा ब्रँड लिहिला, हे तुम्हाला केमिस्टकडून कळलेलं असतं. म्हणून "तुम्ही नेहमी असंच करता, साहेब" असं तोंडावर म्हणता? त्यांच्या मुलाच्या बारावीपासून सुरुवात करता. वेळ बघून विषय काढणं, हळू सुरुवात, आधी समोरच्याचं ऐकणं: वर्गात हेच शिकवतात, फक्त मोठी नावं देऊन. वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी नवविवाहितांच्या वादांचं चित्रीकरण करून दाखवलं होतं की पहिली तीन मिनिटं कशी जातात यावरूनच पुढे कुणाचं फाटणार याचा बराच अंदाज येतो. ती तीन मिनिटं तुम्हाला पाठ आहेत. फक्त ती बाहेर, डॉक्टरांच्या केबिनमध्येच वापरून संपतात आणि रात्री ९ ला चपला काढताकाढता घरात पहिलं वाक्य पडतं ते "अजून कुकर लावला नाही?"

तुमच्या घरचं मला माहीत नाही. माझ्याकडे आलेल्या तिघा एमआरपैकी तिघांच्या घरी या जातीचं वाक्य होतं, म्हणून लिहिलं.

यामागे थकवा आहे, टार्गेटचं डोकं आहे. पण एक कारण लोकांच्या ध्यानात येत नाही: जवळच्या माणसाला सगळं कळतच असणार, ही खात्री. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन अर्थ निघतील अशी वाक्यं जोडीदाराला आणि अनोळखी माणसाला ऐकवली. जोडीदाराला अनोळखी माणसापेक्षा जास्त काही कळलं नाही. बोलणाऱ्याची मात्र खात्री होती की याला बरोबर कळलं. डॉक्टरांना तुम्ही डोस दोनदा सांगता. बायकोला एकदाही सांगत नाही, कारण "तिला माहितीये".

मग वर्गात नेमकं काय हाती लागतं, ते एक प्रसंग सांगून दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

माझ्या टेबलावर कॅरमचा एक स्ट्रायकर असतो. ज्याच्या हातात स्ट्रायकर तो बोलणार, दुसरा ऐकून परत सांगणार. ते दोघं चाळिशीतले, तो मकरपुऱ्याच्या कारखान्यात. भांडण धाकट्या भावाला दिलेल्या ४०,००० रुपयांवरून. स्ट्रायकर बाईंच्या हातात. त्या म्हणाल्या, "पैसे दिले त्याचं मला काही नाही. मला बँकेच्या मेसेजवरून कळलं, एवढंच." मी त्याला म्हटलं, परत सांगा. तो म्हणाला, "हिचं म्हणणं, मी भावाला मदत करायची नाही."

मी म्हटलं, तिचे शब्द काय होते?

"हिचं म्हणणं, मी लपवाछपवी करतो."

पुन्हा विचारलं. तो चिडला, "मग काय म्हणाली?" बाईंनी स्ट्रायकर टेबलावर उलटा ठेवला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या, आवाज न चढवता. तो थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुला बँकेच्या मेसेजवरून कळलं." बास. इतका वेळ बाईंनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळून धरला होता, तो सुटला. सात महिने तो भावाची बाजू लढवत होता, आणि भावावर कुणी आरोपच केलेला नव्हता.

यासाठी हा वर्ग मला अजूनही मोलाचा वाटतो. ऐकलेलं परत सांगायला लागलं की आपण समोरच्याच्या तोंडी काय घालतो ते स्वतःच्या कानांनी ऐकू येतं. घरी ते ऐकू येत नाही, कारण परत सांगायला कुणी लावतच नाही.

आता पडद्यामागचं. तीन महिन्यांनी मी जोडप्यांना बोलावते तेव्हा "स्ट्रायकर वापरता का?" विचारलं की हसतात. जवळजवळ कुणीच वापरत नाही. ज्यांचं बरं चाललेलं असतं त्यांच्याकडे वेगळीच गोष्ट टिकलेली असते. आठवड्यातला एक ठरलेला अर्धा तास. गुरुवारी मुलगी ट्यूशनला गेल्यावर, किंवा रविवारी सकाळी सेव-उसळ खाऊन येताना.

याला आधार आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या १७४ नव्या जोडप्यांवरचा एक अभ्यास आला. काहींना रीतसर कौशल्यं शिकवली, त्यातही दोन निरनिराळ्या पद्धती होत्या. एका गटाला कौशल्य वगैरे फारसं शिकवलं नाही. महिनाभर घरी बसून जोडप्यांवरचे सिनेमे बघा आणि प्रत्येकानंतर दिलेल्या प्रश्नांवर आपल्या दोघांबद्दल बोला, एवढंच त्यांना सांगितलं. तीन वर्षांनी, काहीच न केलेल्यांपैकी २४ टक्के वेगळे झाले होते. तिन्ही गटांत ते प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होतं. सिनेमावाल्यांतही तेवढंच! हे वाचलं तेव्हा, खरं सांगते, वर्गाची फी परत करावी की काय असं वाटून गेलं.

म्हणून मी आता वर्गाकडे असं बघते: कौशल्य लोकांकडे असतं, वर्ग ते वापरायचं निमित्त देतो. दोघंही शेजारी बसलेत, फोन बंद आहेत, आणि विषय आपलं नातं हा आहे. तुमच्या बायकोनं ७,५०० रुपये कशासाठी मागितले हे एकदा या बाजूनंही बघा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "ती बोलायला लागली की मी गप्प होतो, नाहीतर वाढतं." हा नमुना जगभर सापडतो. एक मागे लागतो, दुसरा मिटतो. जितकं मिटावं तितकं मागे लागणं वाढतं. तुम्हाला वाटतं तुम्ही वाद टाळताय. तिला दिसतं ते बंद दार. यात मिटणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. वादात नाडी शंभराच्या वर गेली की समोरचं धड डोक्यात शिरत नाही, आणि अंग शांत व्हायला निदान २० मिनिटं तरी लागतात. तेव्हा उठून जाणं चूक नाही, न सांगता उठणं चूक आहे. "आत्ता मला जमत नाहीये, साडेनऊला बोलू" असं म्हणून उठा आणि साडेनऊला स्वतः येऊन बसा. तिनं हाक मारायची वाट बघू नका. डॉक्टरांना गुरुवार सांगून तुम्ही गुरुवारी जाताच ना.

वर्गातली एक धोक्याची जागा सांगते, पत्रकात ती नसते. माझ्या एका वर्गानंतर तीन आठवड्यांनी एक बाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मॅडम, तुमचे नियम मागे घ्या." नवऱ्यानं फ्रिजवर कागद लावला होता. त्या "तू नेहमी" म्हणाल्या की तो बोट वर करायचा आणि एक रेघ मारायचा. संवादाच्या वर्गातून त्यानं घरी आणली ती शिट्टी, रेफरीची. तेव्हापासून मी पहिल्या दहा मिनिटांत सांगते: हे नियम फक्त स्वतःला लावायचे. जोडीदारानं मोडला तर तुम्हाला दिसलाच नाही.

आणि जागा. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात, आई हॉलमध्ये सिरियल बघतेय, मुलगी डायनिंग टेबलावर गृहपाठ करतेय, तिथे "समोरासमोर बसा, डोळ्यांत बघा, मनातलं बोला" हा सल्ला कोण कसा पाळणार? लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही दांडिया बाजारातल्या वाड्यात राहायचो. सासू-सासरे, दीर, आणि भिंतीपलीकडे चुलतसासरे. आमचं महत्त्वाचं सगळं बोलणं स्कूटरवर झालंय. संध्याकाळी सुरसागर तळ्याला दोन फेऱ्या. मी मागे, हे पुढे, दोघांची तोंडं एकाच दिशेला, त्यामुळे कुणाचा चेहरा कसा झाला ते कुणाला दिसायचं नाही आणि बोलणं सोपं जायचं. घर घेण्याचा निर्णयही तळ्याच्या त्या फेऱ्यांतच झाला, एकदा पेट्रोल संपून ढकलत येताना. अजूनही अवघड विषय असेल तर मी जोडप्यांना कमाटीबागेत चालायला पाठवते. नवरात्रीत नाही, तेव्हा बडोद्यात कुणी कुणाचं ऐकत नाही.

हे सगळं परिस्थितीवर किती अवलंबून आहे तेही सांगायला हवं. घरात मारहाण असेल, एकाला दुसऱ्याची भीती वाटत असेल, तर जोडीनं वर्गाला जाऊच नये. मोकळेपणानं बोललेल्याचा हिशेब नंतर घरी चुकवावा लागतो. तिथे आधी स्त्रीची सुरक्षितता, १८१ ही हेल्पलाइन आहे, बाकीचं मागाहून. दारू, किंवा चालू असलेलं बाहेरचं प्रकरण, तिथेही हा वर्ग आधी नव्हे. आणि पैशाची खरीच ओढाताण असेल तर नुसत्या बोलण्यानं पैसे येत नाहीत. अमेरिकेत सरकारी खर्चानं आठ ठिकाणी ५,००० हून जास्त गरीब, अविवाहित पालक जोडप्यांना असे कार्यक्रम दिले होते. २०१० मध्ये निकाल आले तेव्हा एकूणात परिणाम शून्याजवळ, ओक्लाहोमात थोडा चांगला, बाल्टिमोरमध्ये चक्क वाईट. एकच औषध, गावागावात वेगळा गुण. हे तुम्हाला मी काय सांगणार.

काही मुद्दे तर कितीही छान बोललात तरी सुटणार नाहीत. तुम्ही अबोल घरात वाढलात आणि ती सतत बोलणाऱ्या घरात, हे वर्गानं बदलणार नाही. वर्षानुवर्षं बिनसलेल्या १३४ जोडप्यांवर लॉस एंजेलिस आणि सिएटलमध्ये एक मोठा अभ्यास झाला. अर्ध्यांना संवाद आणि प्रश्न सोडवण्याची पारंपरिक पद्धत दिली, अर्ध्यांना त्यासोबत एकमेकांचा न बदलणारा स्वभाव सोसायला, त्याच्याकडे जरा लांबून बघायला शिकवलं. पाच वर्षांनी दोन्हीकडे साधारण निम्मी जोडपी खरोखर सुधारलेली होती आणि चौथा हिस्सा वेगळा झाला होता. दोन्ही वाटा जवळपास सारख्याच पोचल्या. मी दोन्ही वापरते, आणि माणसं थकलेली दिसली की दुसरीकडे जास्त झुकते.

आता तुमच्या वर्गाबद्दल. फी भरण्याआधी फोन करून विचारा: जोडपी किती असणार? शिकवणाऱ्यासमोर प्रत्येक जोडप्याला स्वतःच्या विषयावर सराव करायला मिळणार का? नंतर पुन्हा कधी बोलावतात? ४० जोडपी आणि पडद्यावर स्लाइड असतील तर जाऊ नका. ८-१० जोडपी, हातात धरून सराव आणि महिन्याभरानं आणखी एक बैठक असेल तर जा. सुरुवातीला मोठा विषय घेऊ नका. कुकरची वेळ, मुलीच्या स्कूलव्हॅनचे पैसे, असलं काही घ्या. आणि जाणार असाल तर "तू म्हणतेस म्हणून येतो" हे वाक्य घरीच ठेवून जा. माझ्या वर्गात या वाक्यानं सुरुवात करणारे पुरुष दुपारच्या जेवणापर्यंत हाताची घडी सोडत नाहीत.

राहता राहिली आई. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" असं त्या म्हणतील, ही तुमची भीती. ती वेळ कुठली म्हणतात त्यावर आहे. सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्येच झाला होता, देशाचा हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. नवरा-बायकोचं जमत नाही ही गोष्ट या गावाला नवी नाही. पण हे आईला ऐकवू नका, उगाच वेगळाच अर्थ निघेल. "आम्ही दोघं बाहेर चाललोय, संध्याकाळी सहाला येऊ, मुलीचं जेवण काढून ठेवलंय" एवढं पुरे. त्या विचारतील, कुठे? त्याचं काय उत्तर द्यायचं ते मला विचारू नका. आज रात्री बायकोला विचारा, आईला कितपत सांगितलेलं तिला चालेल. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत एकदा परत म्हणून बघा.